अललडुर्र : विष्णुदास भावे आणि त्यांचा राक्षस

गाणे शिकावयास येणाऱ्या मुलांपैकी एकाला गेल्या महिन्यात षड्ज लावावयास सांगितले, तर त्याने डरकाळी फोडली. बाकीची मुले हसली. चौकशी करता कळले की स्वारीने सुट्टीत गॉडझिलाचे चित्रपट पाहिले होते आणि त्या जपानी अक्राळविक्राळ प्राण्याचा आवाज घटवून घटवून गळ्यात बसविला होता. मुलगा निपाणीचा, आजोळ बेळगावात शहापूरला. आजोळी हीच डरकाळी फोडली तेव्हा आजी म्हणे रागावून म्हणाली की हे काय अललडुर्र लावले आहेस. आजीच्या त्या शब्दाचा अर्थ मुलाला ठाऊक नव्हता. आजीलाही तो रागावण्याचा शब्द म्हणूनच ठाऊक असावा. हा शब्द मूळचा एका राक्षसाचा, आणि तो राक्षस मराठी रंगभूमीवर आणणारा माणूस म्हणजे विष्णु अमृत भावे. कविता करताना ते स्वतःला विष्णुदास म्हणवीत, आणि तेच नाव पुढे रूढ झाले.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, सांगलीत त्या दिवशी भाव्यांच्या नावाचे पदक दिले जाते, आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ या खेळाने मराठी नाटकाचा जन्म झाला हे शाळेतला मुलगाही सांगतो. तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या कितीतरी आधी मराठीत नाटके लिहविली होती, हे संशोधकांनी पुढे दाखवून दिले आहे. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. तंजावरची नाटके तंजावरातच राहिली. आपल्या गावोगाव नाटक पोचले ते सांगलीहून. पण भाव्यांचा गौरव करताना आपण सीतेचे नाव घेतो, रामाचे घेतो, आणि ज्याच्यामुळे लोक रात्र रात्र जागले त्या राक्षसाला सोयिस्करपणे विसरतो.

विष्णुदासांचा जन्म १८१९च्या सुमाराचा. वडील अमृतराव सांगलीकर पटवर्धनांच्या चाकरीत होते. त्या वेळी सांगलीच्या गादीवर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते. सांगली संस्थान म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे कृष्णाकाठ आणि गणपतीचे देऊळ येते. परंतु हे संस्थान एका जागी सलग नव्हते. मंगळवेढे त्यात होते, तसे तेरदाळ होते, शिरहट्टी होती, आणि बेळगावला खेटून असलेले शहापूरही होते. बेळगावात इंग्रजांची छावणी होती, आणि शहापुरात अंमल सांगलीकरांचा, ही स्थिती १९४८च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. सांगायचे ते एवढेच, की आप्पासाहेबांची रयत मराठी बोलत होती आणि कानडीही बोलत होती. दोन्ही भाषांतील कलावंत दरबारात येत, आणि त्यात कोणाला नवल वाटत नसे.

१८४२ साली उत्तर कानड्यातील होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ म्हणजे यक्षगान. भागवत, म्हणजे मुख्य गायक, टाळ घेऊन पदे म्हणतो. जोडीला मद्दळे आणि चंडे ही वाद्ये असतात. पात्रे नाचतात आणि पदांच्या आधाराने आपापले भाषण करतात. यक्षगानातील राक्षसाचा प्रवेश ज्याने पाहिला आहे त्याला तो विसरता येत नाही. दोन माणसे एक पडदा धरून उभी राहतात. त्यामागून आधी फक्त मुकुटाचे टोक दिसते, मग पावले दिसतात, मग पडदा थरथरतो. चंडे वाजत असतो तो कानाचे पडदे फाटतील असा. चेहरा मात्र बराच वेळ दिसत नाही. आणि मग आर्भट होते. तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके लावून रंगविलेला तो चेहरा दिसण्यापूर्वीच पुढच्या रांगेतील मुले आईच्या कुशीत शिरलेली असतात.

आप्पासाहेबांना खेळ आवडला, पण त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. पुष्कळसे त्यांना ओबडधोबड वाटले. असेच काही आपल्या भाषेत, अधिक नीटस करता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि ते काम त्यांनी आपल्या पदरच्या या तरुणावर सोपविले. निवड योग्यच होती. विष्णुदासांना कवित्वाचे अंग होते आणि हातात कसब होते. त्यांनी कोरलेल्या लाकडी बाहुल्या पुढे टिकून राहिल्या आणि रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा रंगमंचावर नाचविल्या. ज्याला लाकडातून चेहरा काढता येतो त्याला माणसाच्या चेहऱ्यावर राक्षस चढविणे जड जाणार नाही, हे दरबारातील कोणाच्या तरी ध्यानात आले असावे.

वर्षभरात ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. त्या खेळाची रीत आज नाटक पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. सूत्रधार आणि त्याचे साथीदार मृदंग, झांजा, तंबोरा घेऊन बाजूला उभे राहत. सगळे गाणे सूत्रधाराचे. प्रथम मंगलाचरण होई, मग विदूषक येऊन त्याच्याशी थट्टामस्करी करी, मग गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येऊन नाचे, आणि तेव्हा कुठे आख्यानाला हात लागे. सूत्रधाराने पद म्हणावयाचे. पात्राने तोवर हातवारे करावयाचे, आणि पद संपले की त्याच आशयाचे भाषण आपल्या मनाने करावयाचे. पात्रांचे तट ठरलेले असत. देवांची एक पार्टी, स्त्रियांची एक, आणि राक्षसांची एक. स्त्रियांची कामे अर्थातच मुलगेच करीत.

राक्षसपार्टीत अंगापिंडाने दणकट आणि आवाजाने जबर अशी माणसे घेत. मशालींचा उजेड, त्यात राळेची पूड फेकून उडविलेला भपकन पेटणारा जाळ, धूर, हातात नंग्या तरवारी, आणि मृदंगाच्या दणदणाटात अललडुर्र अशी आरोळी ठोकीत त्यांनी यावयाचे. ही आरोळी कोणत्या भाषेतील शब्द आहे असा प्रश्न विचारू नये. ती कुठल्याच भाषेतील नाही. मला तर ती गाणाऱ्याच्या कानाने रचलेली वाटते. आरंभी मोकळा अकार, मग जिभेवर घोळणारा लकार, मग एकदम डकाराचा आघात आणि शेवटी रेफाची घरघर. म्हणून पाहावे, छातीपासून टाळूपर्यंत सगळे कामाला लागते. देवांना असली आरोळी नव्हती. देव बोलत आणि सूत्रधार त्यांच्यासाठी गात असे. स्वतःचा असा आवाज त्या सबंध नाटकात फक्त राक्षसाला होता.

लोकांनी या खेळांना दोन नावे ठेविली. एक ‘अललडुर्र नाटके’ आणि दुसरे ‘तागडथोम नाटके’. एका नावात राक्षसाची आरोळी आहे, दुसऱ्यात मृदंगाचे बोल. कथेवरून वा नायकावरून नाव पडले नाही. प्रेक्षक घरी गेला तेव्हा त्याच्या कानात जे उरले होते त्यावरून त्याने नाव ठेविले. पुढच्या काळातील शिकलेल्या मंडळींनी हीच नावे हेटाळणीने वापरली, आणि आज कोणी अललडुर्र म्हणालाच तर तो आचरट, आरडाओरड्याच्या गोष्टीविषयी म्हणतो. शहापूरच्या आजीपर्यंत शब्द पोचला तो असा, डाग लागून.

भाव्यांनी हा राक्षस नुसता कर्कीहून उचलून आणला असे म्हणता येत नाही. कीर्तनातला आख्यानकार त्यांच्या पाठीशी होता, लळितातली सोंगे होती, बहुरूपी होते. आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे गेले की दशावतारात संकासुर भेटतो, अंगात काळा झगा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि तोंडाला खळ नाही. त्या असुराला लोक हसतात. भाव्यांच्या राक्षसाला भीत. इकडे बेळगाव जिल्ह्याच्या कानडी गावांतून दोड्डाट आणि बयलाट यांचे खेळ आहेत, तेथेही अवजड किरीट घातलेला राक्षस जमीन हादरवीत येतो. अशा साऱ्या सोंगांतून निवडून, पारखून, भाव्यांनी रामायणाच्या कथेत बसणारा एक राक्षस सिद्ध केला. लोकांच्या घरची वस्तू घेऊन तिला त्यांनी दरबारी शिस्त लावली आणि पुन्हा लोकांच्याच हाती दिली.

१८५१ साली आप्पासाहेब वारले आणि भाव्यांचा आधार गेला. नाटकाच्या पायी झालेले कर्ज होते, मंडळी पोसावयाची होती, आणि नव्या कारभारात पूर्वीची आस्था राहिली नव्हती. तेव्हा विष्णुदास मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. राजाच्या एका शब्दावर चाललेले नाटक तिकिटाच्या पैशावर आले, ते या अडचणीतून. १८५३ साली त्यांनी मुंबई गाठली. ग्रँट रोडवर जगन्नाथ शंकरशेटांनी उभे केलेले नाटकगृह होते, तेथे त्यांचे खेळ झाले. इंग्रज साहेब आणि मडमा प्रेक्षकांत आल्या. हिंदुस्थानी भाषेत राजा गोपीचंदाचा खेळही त्यांनी मुंबईत केला. ज्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते अशा लोकांपुढे सीतेचा विलाप कितपत पोचला असेल कोण जाणे. राक्षसाला मात्र दुभाष्याची गरज पडली नसणार.

यानंतरची हकीकत लांबविण्यासारखी नाही. भाव्यांची वाट अनेकांनी धरली. इचलकरंजीकर निघाले, आळतेकर निघाले, कोल्हापूरकर निघाले. निपाणीहून दिवसाच्या मजलेवर असलेली ही गावे नाटक मंडळ्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रत्येकीजवळ राक्षसपार्टी होतीच. अनुकरणात नेहमी होते ते झाले. प्रमाण सुटले, आरोळी उरली. १८६०नंतर दोन-तीन वर्षांत विष्णुदासांनी नाटकाचा व्यवसाय सोडला आणि ते सांगलीत स्वस्थ झाले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी आपण लावलेले झाड दुसऱ्यांच्या अंगणात वाढताना पाहिले. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. शब्दन् शब्द लिहिलेले नाटक. संस्कृत आणि इंग्रजी नाटकांची भाषांतरे येऊ लागली. त्यांत राक्षसाला जागा नव्हती.

आणि मग आपल्या या भागातला दुसरा मोठा माणूस आला. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म नेमका १८४३चा. बेळगावात त्यांनी काही काळ शिक्षकी केली, तेथेच नाटकाचे प्रयोगही केले. १८८० साली पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि गाणे सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्रांच्या तोंडी गेले. गाणाऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला आणि पुढची पन्नास वर्षे आमच्या धंद्याला बरकत आली. तेव्हा किर्लोस्करांविषयी वाकडे बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ‘शाकुंतला’त राक्षस पडद्याआडच राहिले, आणि ‘सौभद्रा’त घटोत्कच आला तो कृष्णाच्या कारस्थानातला निरोप्या म्हणून, सुभद्रेला उचलून अर्जुनाजवळ पोचविण्यापुरता. राक्षसाला सभ्य माणसांत बसविले की तो असा कामाचा माणूस होतो. भिववीत नाही. पुढे त्याला नवे घर मिळाले ते चित्रपटात. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ केले, आणि १९२१ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘वत्सलाहरण’ केले. पण ते चित्रपट मुके होते. पडद्यावर राक्षसाने जबडा उघडावयाचा, आणि आवाज ज्याचा त्याने आपल्या मनात आणावयाचा.

येथे त्या मुलाच्या गॉडझिलाकडे थोडे वळू या. जपानी लोक आपल्यासारखेच भुताखेतांचे शौकीन. त्यांच्या काबुकी रंगभूमीवर १८२५ साली, म्हणजे विष्णुदास पाच-सहा वर्षांचे असताना, योत्सुयाच्या भुताचे नाटक आले आणि ते अजून चालते. १७७६ साली तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने शेकडो वर्षांच्या ऐकीव भुतांना चेहरे देऊन त्यांचे पुस्तकच छापले. ही सगळी पुंजी जवळ असताना १९५४ साली त्यांनी गोजिरा निर्माण केला. गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, या दोन शब्दांचा तो जोड. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर अणुस्फोटाची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. ही ताजी भीती. पण चित्रपटात तिला आधार दिला आहे तो कोळ्यांच्या जुन्या दंतकथेचा. ओडो नावाच्या बेटावरचे लोक मुखवटे घालून नाचतात, आणि एक म्हातारा सांगतो की मासे मिळेनासे झाले की पूर्वी त्या समुद्रातल्या दैत्याला मुली बळी देत. बेट कल्पित, दंतकथाही कल्पित. पण जपानी प्रेक्षकाला ती आपल्या आजीने सांगितल्यासारखी वाटली. अंगात मणामणाचे रबरी सोंग चढवून एक नट घामाघूम होत ते काम करीत होता. आमच्या राक्षसपार्टीतल्या गड्याचाच तो भाऊबंद.

मला अधिक मौज वाटली ती त्याच्या आवाजाची. दिग्दर्शक होंडा यांनी चित्रपट काढला, त्सुबुराया यांनी छायाचित्रणाच्या करामती केल्या, पण डरकाळी संगीतकाराने दिली. त्यांचे नाव अकिरा इफुकुबे. खऱ्या जनावरांचे आवाज घेऊन पाहिले, ते जमेनात. तेव्हा इफुकुब्यांनी पाश्चात्य वाद्यवृंदातील सर्वांत मोठे तंतुवाद्य, डबल बास, घेतले, त्याच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्या तारांवरून ओढला. तो आवाज मुद्रित करून संथ केला, आणि गोजिरा बोलू लागला. गजाला राळ लावल्यावाचून सारंगी बोलत नाही, व्हायोलिनही बोलत नाही, हे आम्हाला माहीत. भाव्यांनी तीच राळ मशालीवर उधळली, इफुकुब्यांनी तारेवर घासली. दोघांच्याही लक्षात आले होते की सोंग कितीही चांगले असले तरी ते आधी कानाला पटावे लागते.

१८८५ साली विष्णुदासांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली आणि प्रस्तावनेत आपल्या धडपडीची हकीकत सांगितली. पुस्तक वाचताना एक गोष्ट मनाला लागते. त्यात सूत्रधाराची पदे आहेत, आख्याने आहेत. राक्षसाचे बोलणे नाही. असणारच कसे? ते लिहिलेलेच नव्हते. रावण, इंद्रजित, कुंभकर्ण जे काही बोलले ते त्या रात्री, त्या गड्याच्या मनात आले तसे बोलले आणि मशालीबरोबर विझले. सीतेचे दुःख छापून उरले. इंद्रजिताची गर्जना उरली नाही. ध्वनिमुद्रणाची सोय येथे आली तोवर ते गळे गेलेले होते. आमच्या घराण्यांतील कितीएक चिजांचे असेच झाले आहे, शब्द वहीत सापडतात आणि म्हणावयाचे कसे ते सांगणारा कोणी नसतो. भाव्यांच्या राक्षसाची तर वहीही नाही, एक आरोळी तेवढी आहे, आणि तिचाही आपण टिंगलीचा शब्द करून टाकला.

९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदास सांगलीत वारले. सांगलीत आज त्यांच्या नावाचे नाट्यमंदिर उभे आहे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९५६ साली राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या. शहापूर, निपाणी, गुर्लहोसूर आणि कर्की एका राज्यात गेली, पुढे सांगली दुसऱ्यात. या सीमेवरून आपल्याकडे किती कटुता साठली हे वाचकांना मी सांगावयास नको. पण रंगभूमी दिनाच्या भाषणांत कर्कीच्या भागवतांचा उल्लेख ओझरता उरकतात, जणू कोणी परका दारावरून गेला होता, तेव्हा वाईट वाटते. आप्पासाहेबांनी त्यांना दरबारात बसवून घेऊन पाहिले होते. भाव्यांनी स्वतःही ते ऋण लपविलेले नाही.

मुलाला मी ही सर्व हकीकत सांगितली. कर्की कुठे आले, हे त्याने विचारले, नकाशावर दाखविले. मग त्याने अललडुर्र म्हणून पाहिले. पहिल्या खेपेस नुसताच ओरडला. पोटातून दम घे, अकार मोकळा सोड, लकार जिभेवर फिरू दे, असे सांगितल्यावर चौथ्या-पाचव्या खेपेस बरे जमले. शेजारच्या घरातून कोणी तरी काय झाले म्हणून डोकावून गेले. घसा बसेल म्हणून त्याला थांबविले आणि पुन्हा षड्जावर आणले. त्या दिवशी षड्ज नेहमीपेक्षा चांगला लागला.